चिलखतातले दाजी

आमच्या दाजींइतकं ऐतिहासिक सिनेमावर जीव टाकणारं, आणि तोच सिनेमा शेजाऱ्याला धड बघू न देणारं माणूस उभ्या कर्जत-खालापुरात दुसरं झालं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भिवपुरीच्या वीजकेंद्रात फिटर म्हणून त्यांची हयात गेली, खालापूरकडे गावी थोडी भातशेती होती. पण मनाने ते कायम कुठल्यातरी किल्ल्याच्या दरवाजात उभे असत. पडद्यावर तलवार उपसली आणि 'स्सिंग' असा आवाज घुमला, की थिएटरच्या मागल्या रांगेतून दाजी गरजत, "लाकडाचं म्यान त्ये! त्यातनं भांडी घासल्यागत आवाज येतोच कसा?" जुन्या तलवारीच्या मुठीत चार बोटं जेमतेम बसतात आणि सिनेमातल्या मुठीत नायकाचे दोन्ही हात मावून वर रुमालाला जागा उरते, ही त्यांची कायमची तक्रार. कुणी कट्यार सुरीसारखी धरली तर ते उठून उभेच राहत. कट्यारीची आडवी दांडी मुठीत धरून ठोशासारखा वार करायचा, हे त्यांनी एकदा मध्यंतरात एका अनोळखी गृहस्थांना इतक्या मनापासून करून दाखवलं, की त्या गृहस्थांच्या हातातला वडा चटणीसकट माझ्या शर्टावर आला.

सुट्टी मिळाली की ते मुंबईला संग्रहालयात जात आणि काचेला नाक लावून तासन् तास उभे राहत. ढालीवरच्या चार फुल्या नुसत्या शोभेच्या नसतात, आतून हात घालायच्या कड्या त्यांनीच जखडलेल्या असतात, हे त्यांना कळलं त्या दिवशी त्यांनी आळीत पेढे वाटले. "नातू झाला काय गं?" म्हणून बायका ताईला विचारायला लागल्या.

दाजी निवृत्त झाले आणि त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका स्टुडिओत ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग सुरू झालं. गर्दीतले मावळे म्हणून आसपासच्या गावांतली माणसं घेत होते. दाजी गेले, आणि मी मास्तर असलेल्या शाळेला मे महिन्याची सुट्टी म्हणून मलाही घेऊन गेले. तिथे त्यांनी सरदारांची चिलखतं हातात घेऊन पाहिली. लोकरीचं विणकाम आणि वर चंदेरी रंग. दाजींचा चेहरा असा झाला, की मला वाटलं यांना सावलीत न्यावं लागणार. शस्त्रांचं काम बघणारी एक तरुण मुलगी होती, सगळे तिला मॅडम म्हणत. दाजी तिच्यापाशी गेले आणि चिलखतावर अर्धा तास बोलले. शेवटी सुटका करून घ्यायची म्हणून ती म्हणाली, "काका, खरं कसं असतं ते तुम्हीच करून दाखवा ना. आमचं पुढचं शूटिंग दिवाळीनंतर आहे."

ती हे विसरूनही गेली असेल. दाजींनी मात्र दुसऱ्या दिवशी तारेची भेंडोळी आणली. गजावर तार गुंडाळायची, कड्या कापायच्या, एकेक कडी चार कड्यांत ओवून पकडीने दाबायची. तो सबंध पावसाळा त्यांच्या घरात कड्यांचं राज्य होतं. "अवो, आज आमटीत दोन कड्या गावल्या," ताई म्हणायची. "जपून ठेव गं," दाजी मान वर न करता म्हणायचे, "काखंत कमी पडत्यात."

दिवाळीनंतर ते अठरा किलोचं चिलखत टेंपोतून स्टुडिओत गेलं. मॅडम बघतच राहिली. नायकाने ते अंगात घातलं, पण त्याला हात वर करता येईना. पाच मिनिटांत तो पुन्हा लोकरीत शिरला. दाजी कडेला जाऊन बसले. मॅडमला राहवलं नाही. तिने दिग्दर्शकाची मनधरणी करून त्यांना दरवाजावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं काम मिळवून दिलं, चिलखतासकट. काम सोपं होतं. छातीत बाण लागतो, पहारेकरी पडतो. बाण नंतर कॉम्प्युटरवर घालणार होते.

कॅमेरा सुरू झाला. दाजी भाला टेकून ताठ उभे होते. "काका, बाण लागला!" दिग्दर्शक भोंग्यातून ओरडला. दाजी उभेच.

"काका, पडा ना!"

"लागला खरा, पन आत नाय गेला," दाजी शांतपणे म्हणाले. "आत कापसाची बंडी हाय, वर चिलखत हाय. मी मरंन कसा?"

उन्हात दोनशे माणसं आणि घोडे ताटकळले होते. दोनदा पुन्हा घेतलं, दोन्ही वेळा दाजी जिवंत. "यांना काढा, आणि आणलं कुणी तेही बघतो!" दिग्दर्शक भडकला. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. ती दाजींजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, माझी नोकरी जाईल हो."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःची मान चाचपली. "गळ्यात मारा," ते म्हणाले. "थितं कड्या नायत. थितं लागला तर मरतो."

आणि मेले! भाल्याला धरून गुडघ्यांवर आले, मग असे कोसळले, की धुरळा उडाला. शॉट संपला, टाळ्या झाल्या, तरी उठेनात. मी धावत गेलो तर नुसते डोळे उघडून म्हणाले, "कसा मेलो रं मास्तर? आता उचला, वजनानं उठवत नाय."

सिनेमा लागला तेव्हा अख्खी आळी टेंपो करून कर्जतला गेली. दाजी जन्मात पहिल्यांदाच थिएटरात गप्प बसले. ते पडद्यावर जेमतेम चार सेकंद होते. ते पडले तशी ताईने शेजारी बसलेल्या दाजींचा दंड घट्ट धरला, तो दिवे लागेपर्यंत सोडला नाही. परतताना टेंपोत तिने हळूच विचारलं, "लागलं नाय ना तुमाला?"

"अगं, वरीस झालं त्याला," दाजी म्हणाले.

दाजींना जाऊन आता दोन वर्षं होतील. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत आटोपलं. तो सिनेमा अधूनमधून टीव्हीवर लागतो. परवा दुपारी ताईकडे गेलो तेव्हा लागला होता. ताई तांदूळ निवडत होती. दरवाजाचा प्रसंग आला, भाला टेकून ताठ उभे राहिलेले दाजी दिसले, आणि ताईचा सुपातला हात थांबला.

"बंद कर रं," ती म्हणाली. "उभं हायत तवर बंद कर."

मी टीव्ही बंद केला.