पायऱ्या नसलेली उत्तरं

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की मी दूधवाल्याच्या मापाकडे ज्या नजरेने पाहते त्याच नजरेने वर्गातल्या मुलांकडे पाहते. तो हे चेष्टेत म्हणतो, पण त्यात खोटं काही नाही. वीसेक वर्षं मी भिलाईत पाचवीला गणित शिकवते आहे. एवढ्या काळात खोडरबराच्या पोटात कोरलेले आकडे पाहिले, पट्टीच्या मागे पेन्सिलीने गिरवलेली सूत्रं पाहिली. एका पठ्ठ्याने तर उत्तरं बुटाच्या तळव्यावर लिहून आणली होती आणि तो भर परीक्षेत मांडीवर पाय चढवून बसला होता. तेव्हापासून मी परीक्षेआधी बूटही पाहते.

माझी शिकवण्याची पद्धत एकच, पायऱ्या. अठराला अडीचने गुणायचं असेल तर आधी अडीचचे पाच छेद दोन करायचे, मग गुणाकार, मग काटाकाटी, मग उत्तर चौकटीत. पाच गुणांपैकी चार पायऱ्यांचे, एक उत्तराचा. उत्तर कुणीही कुठूनही आणू शकतं, पायऱ्या चोरायला मात्र वेळ लागतो, असा माझा हिशेब होता. या हिशेबाचा मला अभिमान होता, हेही सांगून टाकते.

आमची शाळा सेक्टर आणि कॅम्प-1 यांच्या मधोमध आहे. सेक्टरमधून येतात ती प्लांटच्या, म्हणजे पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमधली मुलं, कॅम्पमधून येतात ती ठेक्यावर काम करणाऱ्यांची. सगळं हिंदीत. माझे वडील भंडाऱ्याकडून प्लांटच्या नोकरीला आले, घरी आम्ही मराठीच बोलतो, पण शाळेच्या फाटकात शिरले की मी हिंदी होते. आमचा चपराशी गोंदियाकडचा आहे, त्याच्याशीही मी कधी मराठी बोलले नाही. वर्गातही मी नियमच केला होता, घरची बोली घरी ठेवून यायची. एकदा कॅम्पमधली एक मुलगी उत्तर देताना ‘मले’ म्हणाली. सगळा वर्ग हसला. मी वर्गाला गप्प केलं आणि तिला म्हटलं, “ठीक से बोलो.” तिला मी का नाही सांगितलं की मलाही हेच येतं, ते आज मला सांगता येत नाही.

गोष्ट त्याच मुलीची आहे.

दर वर्षी पाचवीची मुलं एका मोठ्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसतात. सहावी ते बारावी राहणं, खाणं, शिकणं सगळं तिकडेच. ही परीक्षा पाचवीतच देता येते, पुढच्या वर्षी दार बंद. आमच्या शाळेतून आठ मुलं निवडून त्यांचा सराव मी घेते आणि त्यांचे फॉर्म शाळाच भरते. सेक्टरच्या मुलांना ती जागा नाही मिळाली तरी त्यांचे आईबाप दुसरं काही पाहतात. या मुलीचा बाप ठेक्यावर, आई दोन घरचा स्वयंपाक करणारी. तिच्यासाठी दुसरं काही नव्हतं.

आठ जण निवडायला मी पेपर घेतला. वीस गणितं, सगळी अपूर्णांकांची. तपासायला बसले तर या मुलीची वीसच्या वीस उत्तरं बरोबर आणि कागद कोरा. एकही पायरी नाही. नुसते आकडे, खालीवर नीट मांडलेले. पेपर चालू असताना तिचे ओठ सारखे हलताना मी पाहिले होते. शेजारी सेक्टरमधली एक हुशार मुलगी होती, तिचीही अठरा बरोबर होती. माझ्या डोक्यात दोन अधिक दोन झालं. शेजारणीला मी निवडलं आणि हिला शून्य दिलं.

वर्गात मी विचारलं, “कैसे किया, बताओ.”

“मन में किया, मैडम.”

“तो मन में कैसे किया, वही बताओ.”

ती खाली पाहत राहिली. गप्प बसलेल्या मुलाबद्दल माझं मत ठरलेलं असायचं. मी तिला जागेवर बसवलं आणि आठ नावं फळ्यावर लिहिली.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली. शेजारणीचीही दोन चुकलेली होती आणि हिची तीही बरोबर होती, हे मला टोचत होतं. म्हणजे नक्कल शेजारणीची नव्हती. मग पेपर आधीच फुटला असणार. पेपरच्या प्रती मी सुपेला बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात काढल्या होत्या आणि त्याच्या वरच्या मजल्यावर एक कोचिंग चालतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिथे गेले. दुकानदाराला आडून आडून विचारलं, एखादी प्रत जास्त निघाली होती का. तो काही बुद्धू नव्हता. म्हणाला, “मैडम, दिन भर में इतने कागज निकलते हैं, आपका पांचवीं का पेपर लेके मैं क्या अचार डालूंगा?” वरच्या कोचिंगमध्ये त्या मुलीचं नाव कुणाला माहीत नव्हतं. मी घरी आले. नवरा म्हणाला, “आता पोलिसांत जाऊन ये.” मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

सोमवारी तिला एकटीला माझ्या टेबलाशी बसवलं आणि समोरच पाच नवी गणितं लिहून दिली. ओठ पुन्हा हलू लागले. पाची बरोबर, आणि मी चष्मा पुसून पुन्हा घालेपर्यंत झालीसुद्धा. तेव्हा मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी तिची वेणी बाजूला केली आणि तिच्या कानात काही यंत्र आहे का ते पाहिलं, आधी एका कानात आणि मग दुसऱ्या. ती हलली नाही. सगळा वर्ग पाहत होता. सेक्टरच्या मुलाने पटकन उत्तर दिलं की मी त्याला हुशार म्हणायचे, कॅम्पच्या मुलाने दिलं की कुठून आणलंस म्हणून विचारायचे, हे मला त्या क्षणी दिसायला हवं होतं. दिसलं नाही. मला फक्त एवढंच वाटलं की यंत्र घरी असेल.

म्हणून मी तिच्या घरी गेले, काही न कळवता, संध्याकाळी. तिला कोण शिकवतं ते मला रंगेहाथ पकडायचं होतं. कॅम्पमधली गल्ली अरुंद, नळाला पाणी आलेलं, दारोदारी बादल्या. वळणावर असतानाच मला तिचा आवाज आला आणि मी जागच्या जागी उभी राहिले.

“पंधरा दिढे साडेबावीस, सोळा दिढे चोवीस, सतरा दिढे साडेपंचवीस...”

ती नळाशी उकिडवी बसली होती आणि ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा लसूण सोलत ऐकत होता. एक बादली भरेपर्यंत दिडकी. ती बादली सरकवून दुसरी लावली की अडीचकी. मध्येच तो नुसता आकडा फेकायचा, “चोवीस पाउणे?” आणि ती पाण्यावरची नजर न काढता म्हणायची, “अठरा.”

परवचा. माझ्या वडिलांनी हाच परवचा माझ्याकडून रोज दिवेलागणीला क्वार्टरच्या व्हरांड्यात म्हणून घेतला होता. दिडकी, अडीचकी, पाउणकी, सगळं माझ्या पोटात होतं. एवढी वर्षं गणित शिकवून ते मी एकाही मुलाला दिलं नव्हतं, कारण ते मराठीत होतं. पुन्हा दिडकी चालू झाली होती, ती एकोणीसवर येऊन बादली उचलायला थांबली आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “वीस दिढे तीस.”

मुलगी ताडकन उठली. बादली कलंडली. म्हाताऱ्याने मान वर केली.

“बाई, तुमी मराठी?”

“हो. भंडाऱ्याकडची.”

“मंग ही पोट्टी तं म्हणते, मॅडमले मराठी येतच नाही.” त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः ओट्याच्या कडेला टेकला. तो तिचा आजोबा, रोलिंग मिलमधून रिटायर झालेला, गावच्या शाळेत चौथी शिकलेला. “मिलमंदी साहेब लोक कागद काहाडेपर्यंत मी हिशेब तोंडी सांगून मोकळा होत जाओ. म्हटलं, इले देयाले आपल्यापाशी दुसरं काय आहे? परीक्षेत नापास कावून केलं हो बाई तिले? मी इचारलं तं काहीच सांगून नाही राहिली.”

कानात पाहिल्याचं तिने घरी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं. मी ते आवरलं आणि चूक माझी होती म्हणून सांगितलं. म्हातारा एवढंच म्हणाला, “होते बाई, माणसाच्यानं.” त्याने रागावायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर नववं नाव लिहिलं. आठाची अट माझीच होती, ती मोडायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. वर्गासमोर तिची माफी मागायचं मी ठरवून गेले होते, पण नाव लिहून झाल्यावर खडू ठेवला आणि धडा सुरू केला. माफी मी तिला एकटीला गाठून मागितली, मराठीत. ती हो म्हणाली.

प्रवेश परीक्षेत पायऱ्या लागत नाहीत, चार उत्तरांपैकी एक गोल काळा करायचा असतो, आणि वेळ तुटपुंजा. अशा परीक्षेसाठी ही मुलगी घडवूनच पाठवल्यासारखी होती. पण माझा स्वभाव काही एका संध्याकाळीत गेला नव्हता. मला वाटलं, तिथे दुसरे कुणी पर्यवेक्षक असतील, ते हिचे ओठ हलताना पाहतील आणि माझ्यासारखंच काहीतरी ठरवतील. पेपर ओढून घेतील. तिथे तिच्या घरी जाऊन परवचा ऐकणारं कोण असणार? म्हणून सरावाच्या पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं, “ओठ मिटून कर. आवाज नको, हालचाल नको.”

ती शहाणी मुलगी, तिने ऐकलं. खालचा ओठ दातांत धरून ती गणितं करायची. पहिल्या आठवड्यात तिचा वेग निम्म्यावर आला. मी म्हटलं, सवय होईल. कधी ती विसरायची आणि पुटपुटायची, की मी टेबलावर पट्टी वाजवायचे. तीन महिने मी पट्टी वाजवली. तिचं एकही उत्तर चुकत नव्हतं, फक्त शेवटची काही राहून जायची. आजोबा एकदा शाळेच्या फाटकाशी भेटले तेव्हा म्हणाले, “बाई, आजकाल घरी परवचा मोठ्यानं म्हणत नाही थे.” मी त्यांना म्हटलं, परीक्षेपुरतंच आहे.

निवडीची यादी पुढे लागली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं, पण मला ते परीक्षेच्या दिवशीच कळलं होतं. मी केंद्राबाहेर उभी होते. मुलं बाहेर आली, सेक्टरची दोघं उत्तरं पडताळत, भांडत. ती सगळ्यांत शेवटी आली. खालच्या ओठावर दातांची खूण होती.

“किती राहिली?” मी विचारलं.

“अकरा.”

“येत नव्हती?”

“येत होती.” ती आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या कामाबद्दल माझ्याशी मराठीत बोलत होती. “टाइम नाही पुरला.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती बाजूला झाली नाही. थोडं चाललो आणि मग ती तक्रार नसलेल्या आवाजात, नुसतं मला माहीत असावं म्हणून सांगितल्यासारखं म्हणाली, “बाई, तिथची मॅडम दरवाज्यात बसून होती. तिनं माह्याकडे एकदाबी नाही पाह्यलं.”