वरमाईची टाळू

ऊसतोडीवरून सहा महिन्यांनी घरी आलं की कुणी आधी झोप काढतं, कुणी घर सारवायला घेतं. मी आरसा गाठते. कारखान्यावरच्या कोपीत, पाचटाच्या त्या झोपडीत, आरशाचा एक फुटका तुकडा असतो. त्यात कुंकू लावण्यापुरतं कपाळ दिसतं, डोकं दिसत नाही, आणि ते एका अर्थी बरंच असतं.

यंदा चैत्रात पालीला, गावी, आले. कपाटाच्या आरशाकडं पाठ केली, हातातला आरसा डोक्यावर तिरपा धरला आणि "अगं बाई!" म्हणून खालीच बसले. भांगाच्या डाव्या अंगाला तळहाताएवढी जागा साफ निघाली होती. केस नावाला नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उसाची मोळी, आणि मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. चुंबळ घासून टाळूचे केस जातात हे तोडीवरच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. दर साल थोडे जायचे, उन्हाळ्यात थोडे यायचे. यंदा मात्र हिशेब पार चुकला होता.

आणि सहा आठवड्यांवर पोराचं लग्न!

लग्नाची धास्ती नव्हती. धास्ती होती न्हाणाची. आमच्याकडं लग्नाच्या सकाळी नवरीची आई वरमाईला न्हाऊ घालते. पाटावर बसवायचं, पदर काढायचा, टाळूवर तेल घालायचं, केस धुऊन विंचरून गजरा माळायचा. भोवती दोन्हीकडच्या बाया उभ्या राहून चेष्टा करणार, गाणी म्हणणार. सगळ्यांदेखत! मला तोडीची लाज नाही. आमच्या भागात अर्धं गाव तोडीला जातं, लाजायचं कुणी कुणाला? लाज टकलाची होती. मी नांदायला आले तेव्हा माझी वेणी कमरेखाली लोळायची. बाया हातात धरून जोखायच्या.

त्यातून विहीणबाई पडली चौसाळ्याची, किराणा दुकानवाली. तिला मी एकदाच पाहिलं होतं, दसऱ्याला सुपारी फुटली तेव्हा. अंगाला ऊन ठाऊक नसावं अशी गोरीगोमटी, गल्ल्यावर बसलेली, आणि अंबाडा असा की दोन हातांत मावू नये. त्याच दिवशी माझ्या पोटात दुखलं होतं. ही बाई माझा पदर काढणार आणि वर्षभर चौसाळ्याच्या बाजारात सांगत बसणार, असं मी मनाशी पक्कं धरून टाकलं.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "पदराखाली कोण बघायलंय?"

"विहीण बघणार हाय!"

"मग तिलाच ईचार औषध." असं म्हणून स्वतःच हसले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. भाकरी दिली, पण तोंडाकडं न बघता.

जाऊबाईचं आणि माझं डोकं एकाच कामानं गेलेलं, पण तिला त्याचं सोयरसुतक नाही. ती म्हणाली, "आपल्या दोघींचं मिळून एक डोकं व्हतंय की. लग्नात माझं लाव." माझा राग बघून मग वळणावर आली. "आधी ऊन आडव, बाई. रोप जळालं तर खत घालून काय उपेग?"

तिचं खरं होतं, पण ते मला पटायला आधी भाजून घ्यावं लागलं. चौथ्याच दिवशी मी शेतात धसकटं वेचायला गेले. पदर घसरला तो घसरला, वाऱ्याला कोण पुरणार? संध्याकाळी टाळू लालभडक. दोन दिवसांनी कांद्याचं निघावं तसं सालपट निघालं. केस असताना ऊन म्हणजे काय हे डोक्याला कळतच नाही. केस गेले की बीडचं ऊन चांगलं ओळख करून देतं. त्यावर शेजारणीनं सांगितलं म्हणून मी कांद्याचाच रस चोळला. अशी आग झाली की रांजणात डोकं बुडवून उभी राहिले.

मग सुरू झालं मेथी-दही. रात्री भिजवलेली मेथी पाट्यावर वाटायची, दह्यात कालवून थापायची. न्हाणीच्या सांडपाण्यावर भोपळ्याचा वेल होता. त्याचं थंडगार पान वर ठेवायचं, त्यावर पदर. गार गार वाटायचं, झोपच यायची. एका दुपारी शेरडं राखायला गेले आणि बाभळीखाली टेकले तशी डोळा लागला. जाग आली ती डोक्यावर कुणीतरी खसाखसा ओढतंय म्हणून. बघते तर आमची पांढरी शेळी! पान खाऊन झालं होतं आणि आता मेथी चाटणं चाललं होतं, अगदी डोळे मिटून. मी काठी घेऊन तिच्यामागं, ती पुढं, आणि बांधावर जाऊबाई पोट धरून बसलेली. "ऱ्हाऊ दे गं," ती ओरडली, "उरल्यालं केस तरी सोडलं तिनं!" मीही हसले. आधी दोन शिव्या घातल्या, मग हसले.

त्यानंतर मी थोतांड बंद केलं आणि जाऊबाईचं ऐकलं. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा ओला करून आधी डोक्याला, वरून पदर, तो हनुवटीखाली गाठ मारून घट्ट. अकरा ते चार उन्हात जायचं नाही. पण लग्नघरी हे कसं जमावं? पत्रिका वाटायला मालकांच्या गाडीवर मागं बसून गावोगाव हिंडावं लागलं. मी ओलं फडकं बांधून निघायची, पुढच्या गावाला पोहोचेपर्यंत कडक वाळलेलं. मग तिथल्या हापशावर पुन्हा भिजवायचं. सोयरे विचारायचे, "कावून वो, डोकं दुखतंय का?" मी म्हणायची, "व्हय, लई." मालक गाडीला किक मारता मारता हसायचे.

आणि आठवड्यातून दोनदा धरणावर. उन्हाळ्यात बिंदुसरेचं पाणी मागं हटतं आणि काठाला लोण्यासारखा मऊ गाळ उघडा पडतो. पालीच्या बाया पहाटे धुणं घेऊन जातात तेव्हा बाप्यांचं तिकडं काही काम नसतं. धुणं झालं की आम्ही पदर सोडायचो, ताकात कालवलेला गाळ केसांना लावायचो आणि गुडघाभर पाण्यात बसायचो. एकेक करून सगळ्यांच्या टाळवा उघड्या. कुणाची अठन्नीएवढी, कुणाची भाकरीएवढी. कुणाचं किती उगवलं ते बोटानं चाचपून सांगायचं. घरात आरशापुढं रडू येतं, तिथं कसलं रडू? तिथं नुसता दंगा. एवढं सुख मला वर्षात दुसरीकडं कुठं मिळत नाही.

पाचव्या आठवड्यात जाऊबाईनं माझ्या टाळूवरून बोट फिरवलं आणि किंचाळली, "अगं, मिसरूड फुटलं की! पोराच्या लग्नात आईला मिसरूड!"

फुटलं होतं खरं. पण मिसरूड ते मिसरूडच, त्यानं झाकलं काहीच जात नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी मी आरसा पाहिला आणि समजले, आपण हरलो.

सकाळी चौसाळ्याला नवरीच्या दारात पाट मांडला. बाया गोळा झाल्या, गाणी सुरू झाली, माझ्या नावानं चेष्टेचे बाण सुटायला लागले. एरवी मी एकाला चार परतवले असते. पण आज सगळं ध्यान पदरावर होतं. विहीणबाई तेलाची वाटी घेऊन माझ्या मागं उभी राहिली आणि हळूच मागून पदर उचलला. माझ्यामागं भिंत होती, म्हणून जे दिसलं ते तिला एकटीलाच दिसलं. तिचा हात थांबला. मी डोळे घट्ट मिटून घेतले. आता हसणार, आता सांगणार.

तेलाचा हात टाळूवर आला. बोटं त्या जागेच्या कडेकडेनं फिरली, सावकाश, वाट माहीत असल्यासारखी. मग ती वाकून कानाशी म्हणाली, "मोळी डाव्या हातानं धरता व्हय?"

मी मान वळवली. "तुमाला कसं कळलं?"

तिनं माझं बोट धरलं आणि स्वतःच्या पदराखाली नेलं. त्या दाट केसांच्या आत, उजव्या अंगाला, बोटाएवढी गुळगुळीत जागा होती. "माझी उजवीकडं," ती म्हणाली. "धा हंगाम तोडीचे केले. दुकान मागून आलं. बाकीचं समदं भरलं, एवढंच ऱ्हायलं. ऊन लागू देऊ नका, येत्याल तुमचे बी."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. डोळ्यांत तेल गेलं म्हणाले असते, पण तेल अजून कपाळावर आलंच नव्हतं.

तिकडून बाया ओरडल्या, "अगं ए, किती येळ? मुहूर्त टळंल की!"

विहीणबाईनं दोन्ही तळहातांनी माझी टाळू झाकली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दम धरा गं! वरमाईचे केस लई दाट हायत, तेल मुरायला येळ लागतोय!"