पहिल्या नंबरचा शेप्या

वनशास्त्राच्या चार वर्षांत माझ्यामुळे एकच झाड तुटलं, आणि ते माझ्या मायचं होतं.

झाड म्हणजे गावरान आंबा, रिसोड रस्त्याला लागून असलेल्या आमच्या धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा शेप्या. ज्यांनी शेप्या खाल्ला नाही त्यांना सांगतो, त्याच्या रसाला शेपूच्या भाजीचा वास येतो. (नाक मुरडू नका. शेपूची भाजी मीही खात नाही, पण त्या रसाची वाटी मी धुवायला ठेवायचो नाही, चाटूनच ठेवायचो.) माय लग्न होऊन धनजहून आली तेव्हा माहेरच्या आंब्याची कोय पदराला बांधून आली होती. पुढे माहेरचं झाड वादळात पडलं, मामांनी शेत विकलं, आणि धनजचं म्हणून तिच्याजवळ तेवढा एक वास राहिला.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुटीत कॉलेजनं काम दिलं. गावातल्या वीस झाडांना नंबर घालायचे, छातीच्या उंचीवर घेर मोजायचा आणि वहीत लिहून आणायचं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंगाचा डबा मी शोधून काढला. माय बघत उभी राहिली.

"झाडाले रंग काहून लावून राह्यला?"

"अभ्यास हाय, माय."

"मंग माह्या शेप्याले पयला नंबर दे."

दिला. चुन्याचा गोल पट्टा आणि त्यावर लालभडक एक. आमच्या घरात आजवर कोणाचाच पहिला नंबर आला नव्हता, त्यामुळे माय दिवसभर खुशीत होती.

अडचण एवढीच होती की त्याच महिन्यात रस्ता रुंद होणार होता, आणि तोडायच्या झाडांनाही असाच पांढरा पट्टा आणि लाल नंबर घातलेला होता. हे मला दिसलं नाही असं नाही. मी रोज त्याच रस्त्यानं जात होतो. उलट त्यांचे पट्टे पाहून पाहूनच मी माझा पट्टा सरळ काढायला शिकलो!

पुढच्या आठवड्यात माय, बाबा आणि मी मंगरूळपीरला लग्नाला गेलो आणि दोन दिवसांनी काळीपिवळी जीपनं परत निघालो. मायनं नेहमीप्रमाणे ड्रायव्हरला सांगितलं, "शेप्याजवळ उतरव रे बापू." त्या रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना आमचा थांबा तोंडपाठ होता. गाडी चालली, चालली, आणि नाल्याचा पूल आला. पूल आमच्या शेताच्या बराच पुढे आहे.

"डायवर," बाबा म्हणाले, "शेप्याजवळ म्हनलं होतं न?"

"मी बी तेच पाहून राह्यलो काका. शेप्या आलाच नाई."

आम्ही उतरून मागे चालत आलो. शेप्या आडवा पडला होता आणि ठेकेदाराचा मुकादम त्याच्या खोडावर बसून तंबाखू मळत होता.

"हे झाड आमचं हाय," बाबांचा आवाज चढला. "आमच्या धुऱ्यावरचं हाय."

"नंबर हाय न त्याले."

"अरे, आंबा हाय तो! तुमच्या यादीत एक नंबरले आंबा हाय काय?"

मुकादमानं खिशातून कागद काढला. "एक नंबरले कडूलिंब हाय," तो शांतपणे म्हणाला. "पन काका, आमी नंबर पाह्यतो, झाड नाई पाह्यत. हा नंबर घातला कोनं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मुकादमानंही पाहिलं. मायनं तेवढं पाहिलं नाही. ती खाली वाकून कैऱ्या वेचत होती, एकेक हुंगून पदरात टाकत होती.

पण मी गप्प बसणारा नव्हतो. मी शिकलेला होतो.

"माय, मी तुले असाच शेप्या पुन्हा करून देतो. कलम बांधतो. मूळ कोन्याही आंब्याचं चालते, वरची काडी आपल्या शेप्याची पायजे."

"तसाच येईन?"

"अस्साच. वासासगट."

पडलेल्या फांद्यांच्या काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या आंब्याच्या पंधरा रोपांवर बांधल्या. चौदा वाळली. पंधराव्याला हिरवा कोंब फुटला आणि मी अंगणात अक्षरशः नाचलो. माय त्या रोपाला रोज हंडाभर पाणी घालायची. मी कॉलेजातून फोन केला की आधी झाडाची खुशाली सांगायची, मग बाबांची.

सातव्या वर्षी आंबे लागले. पहिला पिकला तो मायनं दोन्ही हातांत धरून हुंगला. मग उलटा करून हुंगला. मग माझ्याकडे दिला. मी हुंगला. शेपू नाही, काही नाही.

"धनजचा नाई हा," ती हळूच म्हणाली.

खाली बसून बुंधा पाहिला. बांधल्याची खूण अजून होती, आणि झाड त्या खुणेच्या खालून फुटलेलं होतं. शेप्याची काडी कधीच वाळून गेली होती. सात वर्षं माय उकिरड्यावरच्या आंब्याला पाणी घालत होती. 'जोडाच्या खालून फुटलेला कोंब ताबडतोब काढून टाकावा,' हे मी परीक्षेत लिहिलं होतं. दोन गुणांचा प्रश्न होता. मला दोनपैकी दोन मिळाले होते.

आता मी एका रोपवाटिकेत नोकरीला आहे आणि गिऱ्हाइकांना कलमाचा जोड कसा तपासायचा ते समजावून सांगतो. बाजारात शेपूची जुडी दिसली की उचलतो, डोळे मिटून हुंगतो आणि परत ठेवतो. (भाजीवाल्या बाईनं आता मला हात लावायला बंदी केली आहे.) त्या वासाबरोबर आमचा धुरा येतो, रसाची वाटी येते, कैऱ्या वेचणारी माय येते.

मायनं मात्र ते झाड तोडू दिलं नाही. दरवर्षी त्याच्या कैऱ्यांचं लोणचं घालते आणि आल्यागेल्याच्या ताटात वाढताना न चुकता सांगते, "घ्या, आमच्या पोराच्या डिग्रीचं हाय. जरा आंबट हाय, पन सात वर्सं लागले त्याले."