विचारावं लागू नये अशी गाडी

माझे बाबा एका कंपनीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते आणि या एकतीस वर्षांत त्यांनी आपल्या बायकोला एकदाही गाडीत बसवलं नाही. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकते, कारण बाबांचं कोणी कौतुक करायला लागलं की आई नेमकं हेच सांगून त्याचं तोंड बंद करायची.

आणि कौतुक करणारे पुष्कळ होते. बाबांच्या गाडीत मागे बसलेल्या माणसाच्या हातातला चहा कधी सांडला नाही. त्यांच्या खिशात गाडी पुसायचं पिवळं फडकं असायचं, अजूनही असतं, आणि ते नाक पुसायला वापरलं म्हणून लहानपणी मी एकदा बोलणी खाल्ली आहेत. बसने जाताना समोर कोणी आडवं आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशीवर ब्रेक दाबतो. साहेबांनी विनोद केला तर हसायचं नाही, साहेब फोनवर असतील तर काच खाली करायची नाही, असे त्यांचे नियम होते. सगळ्यांत मोठा नियम आरशाचा. मधल्या आरशात मागे बसलेल्याचा चेहरा दिसतो, आणि आपल्याकडे कोणी सारखं बघतंय हे साहेबलोकांना खपत नाही. म्हणून गाडीत बसलं की बाबा आधी तो आरसा वर छताकडे ढकलायचे. मागचा रस्ता ते बाहेरच्या दोन आरशांत बघायचे.

माझा जन्म झाला त्या दिवशी दुपारी कंपनीची गाडी आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर उभी होती. साहेब मीटिंगला गेले होते, तीनपर्यंत येणार नव्हते. शेजारच्या काकू धापा टाकत गाडीपाशी बाबांकडे निरोप घेऊन आल्या, की आईला कळा सुरू झाल्यात. बाबा घरी धावले, रिक्षा थांबवली, आईला आणि काकूंना आत बसवलं आणि पुन्हा गाडीपाशी जाऊन उभे राहिले. रिक्षा त्या गाडीच्या शेजारूनच गेली. आईने बघितलं, पुसून लख्ख केलेली, रिकामी.

संध्याकाळी साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, मग गाडी न्यायचीस ना! एका शब्दाने विचारायचंस तरी."

हे बाबांनी भाबडेपणाने हॉस्पिटलात येऊन आईला सांगितलं. साहेब किती चांगले आहेत हे तिला कळावं म्हणून. आईने मला या हातावरून त्या हातावर घेतलं आणि म्हणाली, "आजपासून मी कोणाच्याच गाडीत बसणार नाही. ज्या गाडीसाठी कोणाला विचारावं लागत नाही अशी घ्याल, तेव्हा मला हाक मारा."

लोकांना वाटलं, बाळंतीण आहे, बोलली रागाच्या भरात. पण ज्यांना आई माहीत नव्हती त्यांनाच तसं वाटलं. मामाच्या लग्नाला सगळे भाड्याच्या गाड्यांतून गेले, आई दोन बस बदलून गेली आणि पंगत उठताना पोचली. पाय मुरगळला तेव्हा डॉक्टरांकडे लंगडत गेली. अठ्ठावीस वर्षं. मी असते तर दुसऱ्या वर्षी विरघळले असते.

बाबा निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, "आता गाडी." नवी परवडणार नव्हती, जुनी घ्यायची होती. आम्ही जुन्या गाड्यांच्या दुकानांत हिंडलो. पहिल्या दुकानात बाबांनी चाकाशी वाकून बघितलं आणि विक्रेत्याने विचारलं, "साहेब कधी येतायत बघायला?" दुसऱ्या दुकानातला तर डोळा मारून म्हणाला, "तुमचं काय ते बघू आपण वेगळं." बाबांनी त्याच्या हातात किल्ली परत ठेवली आणि आम्ही तडक बाहेर पडलो. एकतीस वर्षं पांढरा शर्ट घालून उभं राहिलं की अंगावर ड्रायव्हर असल्याचा शिक्का बसतो, तो निवृत्तीच्या दिवशी कोणी पुसून देत नाही.

मग मला फोनवर ती जाहिरात दिसली. छोटी निळी गाडी, अकरा वर्षं वापरलेली, एकाच हातची. खाली कोणा बाईंनी लिहिलं होतं, 'गाडी विकायची आहे, अक्कल नाही. दलालांनी येऊ नये.' मी बाबांना म्हटलं, ही बाई आपल्यातली दिसते.

त्या बाई म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलच्या निवृत्त मेट्रन. सत्तरी उलटलेली, पाठ सरळ, गाडीची किल्ली पदराला सेफ्टीपिनने टाचलेली. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून गाडी विकत होत्या. त्यांनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. दारातच हजेरी घेतली.

"आधी ऐकून घ्या. तुमच्याआधी चौघं येऊन गेले. पहिला म्हणाला, मुलीसाठी घेतोय, एकच चक्कर मारून आणतो. दोन तासांनी आला तो माझी नवी स्टेपनी काढून टक्कल पडलेली ठेवूनच. दुसरा म्हणाला क्लच गेलाय. तिसरा म्हणाला गिअरबॉक्स. चौथा म्हणाला इंजिन उघडलेलं दिसतंय. माझ्या मेकॅनिकने सगळं तपासलं. एकही गोष्ट खरी निघाली नाही. तेव्हा गाडीत खोट काढणारा माणूस मी दारातूनच परत पाठवते. कळलं?"

"कळलं," बाबा म्हणाले.

"कोणासाठी घेताय?"

"माझ्यासाठी."

बाईंनी त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. दुकानांत तीच भेटली होती.

ट्रायलला बाई स्वतः येणार होत्या, किल्ली एकट्याच्या हातात देणार नव्हत्या. गाडीवरचं कापड मी काढलं, त्याच्या गाठी बँडेजला मारतात तशा होत्या. आणि मग बाबांनी घात केला. त्यांनी चटकन पुढे होऊन बाईंसाठी मागचं दार उघडलं. पुढे बसावं की मागे, याचा बाईंना विचारच करायला मिळाला नाही. त्या मागे बसल्या, मी पुढे, आणि बाबांनी बसल्याबरोबर हात वर करून आरसा छताकडे ढकलला.

गाडी सुरेख चालली. वळणावर बाबांची मान किंचित कलली. ते पुन्हा त्याच चौकाला वळसा घालून आले, पुन्हा मान कलली. ती मान मी ओळखते, गाडीचा आवाज खटकला की ती अशी कलते. मी खुणेने सांगितलं, गप्प बसा. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

गाडी परत दारात लावून बाबा उतरले आणि म्हणाले, "बाई, पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग जातंय. उजवीकडे वळताना गुणगुण वाढते. हे बदलल्याशिवाय मोठ्या रस्त्याला गाडी काढू नका. कोणालाही विका, पण बदलून घ्या."

"झालं!" बाई म्हणाल्या. "पाचवा. आणि तुम्ही तर चौघांच्या वरचे. तो आरसा का फिरवलात? माणसाने बघू नये म्हणून तोंड लपवणारा मी आयुष्यात सरळ बघितला नाही. तुम्ही कोणाचे तरी ड्रायव्हर आहात. ज्याला गाडी पाहिजे त्याला सांगा, समोर ये म्हणावं."

बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खुलासा करायला एक मिनिटही लागलं नसतं. पण ते म्हणाले, "मी ड्रायव्हर आहे. कोणाचा नाही." आणि चालायला लागले.

बसमध्ये मी त्यांना नाही नाही ते बोलले. "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? गाडी आपली झाल्यावर बदललं असतं बेअरिंग!"

"आणि तोवर ती बाई मोठ्या रस्त्यावर गेली असती तर?"

"तिला चालवताच येत नाही आता! गुडघे गेलेत तिचे!"

"मग जो कोण चालवेल तो गेला असता तर?" बाबा म्हणाले, आणि उजव्या पायाने बसचा ब्रेक दाबला.

घरी आल्यावर मी नवी युक्ती काढली. मामा बँकेत आहे, कडक इस्त्रीचे शर्ट घालतो, त्याला पाठवू. नंतर कागद आपल्या नावावर करू. बाबा ताडकन उठले. "माझी गाडी घ्यायला मी दुसऱ्याला पुढे करू? मग या गाडीत आणि त्या गाडीत फरक काय राहिला?" आई भांडी लावत होती. त्यानंतरचं पातेलं जरा हळू ठेवलं गेलं. मी अठ्ठावीस वर्षांत तिच्याकडून बाबांना मिळालेली एवढी मोठी शाबासकी बघितली नव्हती.

सहाव्या दिवशी मेट्रनबाईंचा फोन आला. मलाच, कारण नंबर माझा होता. "वडलांना घेऊन या," एवढंच म्हणाल्या आणि ठेवला.

या वेळी खुर्च्या मांडलेल्या होत्या. टेबलावर वर्तमानपत्राच्या तुकड्यात ग्रीसने माखलेलं जुनं बेअरिंग होतं. बाईंनी ते बाबांच्या पुढे सरकवलं.

"मेकॅनिक म्हणाला, ज्याने हे सांगितलं त्याचा कान चांगला आहे. बदलून घेतलंय. तुम्ही गेल्यावर मी तीन दिवस वाट बघितली. म्हटलं, आता भाव पाडून मागायला फोन येईल. का नाही केलात?"

"भाव पाडायचा म्हणून नव्हतं सांगितलं मी."

"मग त्याच दिवशी एवढं बोललात का नाही?"

"तुम्ही मला चोर ठरवलंत. चोर नाही म्हणून मी का सांगत बसू?"

मला वाटलं, गेली ही पण गाडी. पण बाई हसल्या. वॉर्डात पेशंटने उलट उत्तर दिलं की तो बरा व्हायला लागला असं समजणाऱ्या बायकांतल्या त्या असाव्यात.

"आता आरशाचं सांगा."

बाबांनी मान खाली घातली, तेव्हा मीच सांगून टाकलं. साहेब, नियम, छताकडे ढकललेला आरसा, सगळं. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडेही होतं. मोठे डॉक्टर राउंडला आले की नर्सने भिंतीला लागून उभं राहायचं. निवृत्त झाल्यावर बरेच दिवस मी माझ्याच घरात कडेकडेने चालायचे." आणि त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, पण या वेळी वेगळ्या आवाजात. "कोणासाठी घेताय?"

"बायकोसाठी," बाबा म्हणाले. "एकदा तिला गाडी हवी होती आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मिळाली असती. पण विचारावं लागणार होतं, तिथेच माझे पाय अडले. आता मला अशी गाडी पाहिजे, की जिच्यासाठी कोणाचंही तोंड बघायचं नाही."

बाईंनी पदराची सेफ्टीपिन काढली आणि किल्ली टेबलावर ठेवली. बेअरिंगचा खर्च मी देतो असं म्हणून बाबांनी आणखी अर्धा तास भांडण काढलं, त्यात बाई जिंकल्या. कागद बाबांच्या नावावर झाले तेव्हा त्या स्वतः आरटीओ ऑफिसात हजर होत्या. मालकाच्या रकान्यातलं नाव त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

गाडी दारात आणून बाबांनी आईला हाक मारली. गाडीच्या खिडकीतून, जोरात, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी. आई चपला घालून खाली आली. गाडीला एक फेरी मारली, टपावर बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली नाही हे बघितलं आणि सरळ मागच्या सीटवर जाऊन बसली.

"अगं, पुढे बस ना," मी म्हटलं.

"तू बस पुढे. एकतीस वर्षं लोकांना मागे बसवून फिरवलं. आज मला फिरवू देत."

बाबा बसले. दार लावलं. आणि त्यांचा हात वर गेला आणि आरसा छताकडे वळला.

"अहो, आरसा खाली घ्या," आई मागून म्हणाली.

"सवय आहे गं."

"त्या दिवशीही सवयच होती."

बाबांनी आरसा खाली घेतला. त्यात आईचे डोळे दिसत होते, आणि ती बघतच होती.

"कुठे जायचं?" बाबांनी विचारलं.

"जिथे ही झाली त्या हॉस्पिटलात."

आम्ही दोन गल्ल्या सोडून मोठ्या रस्त्याला लागलो, रिक्षा गेली होती त्याच रस्त्याने. वाटेत बाबांना रस्ता नीट दिसत नव्हता असं मला वाटतं, कारण पिवळं फडकं दोनदा खिशातून बाहेर आलं, आणि या खेपेला ते कशाला वापरलं हे मी बोलून दाखवलं नाही. हॉस्पिटलच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली. आईने एकदा आत बघितलं. मग मला म्हणाली, "ऊठ, माझ्या जागेवर जा."

ती मागून उतरली. बाबा पुढचं दार उघडायला धडपडत उठायला लागले.

"बसा तुम्ही," आई म्हणाली. "मला दार उघडता येतं."