तिरकी पाटी

गणपती होऊन आठवडा झाला होता आणि बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं. मी दुसरीत. ऐंशीच्या दशकातली रत्नागिरी, मांडवीच्या बाजूला आमची शाळा... एकाच छपराखाली दोन माध्यमं. लाकडी पार्टिशनच्या अलीकडे मराठी, पलीकडे उर्दू. आमचे पाढे सुरू झाले की पलीकडचे मुद्दाम मोठ्याने ओरडायचे, मग आम्ही त्याहून मोठ्याने!

मला अगदी लहानपणी पोलिओ झालेला. उजवा हात तेव्हापासून नुसता सोबतीला आहे. जेवणापासून लिहिण्यापर्यंत सगळं डाव्याने... नातेवाइकांना नाकं मुरडायची तर मुरडू देत.

बाई वाईट नव्हत्या हं, आधीच सांगून ठेवते. पन्नासेक पोरं एकट्या सांभाळायच्या. पण शुद्धलेखन घातलं की सगळ्यांच्या पाटीवर पाच शब्द आणि माझ्या पाटीवर पांढरा फराटा! "लिहिलं होतं बाई..." म्हटलं की विचारायच्या, "मग गेलं कुठं? वाऱ्याने उडालं?" वर्ग फिदीफिदी हसायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खरंच लिहिलेलं असायचं हो. डावा हात लिहीत पुढे सरकायचा आणि मागचं सगळं तळव्याच्या कडेने पुसत जायचा. आईने घरी समोर बसून बघितलं, बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, डाव्या हाताचं असंच होणार. सहामाहीला पाटीवर काही दिसलं नाही तर घरी ठेवा हिला, उगाच पोरीचे हाल कशाला...

बाबा मुंबईला गोदीत. आईने कळवलं, चार दिवसांत उत्तर आलं. बाई म्हणतायत तर काढ शाळेतून, हाताने अधू पोर, घरात तुला मदत होईल.

आईने पत्र वाचलं, घडी केली आणि तांदळाच्या डब्याखाली सारलं. "मुंबयत बसून सांगायला काय जातंय?" एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पाटी घे गो." रोज संध्याकाळी पाटी. हात वर उचलून लिही म्हणायची, तर अक्षरं सगळी गडगडत खाली! दोघीही रडकुंडीला यायचो... पण पाटी चुकली नाही.

एके दिवशी मधल्या सुट्टीत मी नळावर हात धुवायला गेले. शेजारी उर्दू वर्गाचे काझी सर उभे. उंच, करड्या दाढीचे... आम्ही मराठीवाले त्यांना उगाचच घाबरायचो. त्यांनी माझा डावा तळवा उलटा केला, पांढरी झालेली कड बघितली आणि खो खो हसले. "अगो, ही तर आमच्या पोरांची खूण!"

त्यांनी त्यांच्या वर्गातली एक मुलगी बोलावली. तिच्या उजव्या हाताची कड अशीच पांढरी! उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात ना... म्हणजे माझा डावा हात जे करायचा तेच तिकडे प्रत्येकाचा उजवा हात करायचा. दरवर्षीचं दुखणं आणि त्यावरचं औषधही ठरलेलं. पाटी तिरकी धरायची, हात ओळीच्या खाली ठेवायचा. "हे डावीकडे कलवतात, तू उजवीकडे कलव. बस."

बस कसलं! पाटी धरायची कशाने? उजवा हात तर धरणार नाही आणि तिरकी पाटी मांडीवरून घसरणार. त्यावर आईने जुन्या परकराची पिशवी शिवली, मांडवीची काळी वाळू भरली आणि पाटीखाली दिली. पाटी जी बसली ती हलेना!

महिनाभर लिहिलं. बोटं दुखली, पेन्सिली मोडल्या... पण अक्षर पाटीवर राहायला लागलं.

सहामाहीचा दिवस. बाईंनी पाच शब्द घातले. मी पिशवी मांडली, पाटी कलवली, लिहिलं. बाई जवळ आल्या. पाटी बघितली, मग पिशवी, मग पुन्हा पाटी. पाचही शब्द होते, शेवटचा 'समुद्र' जोडाक्षरासकट. मला वाटलं शाबासकी देतील... तर ही तिरकी पाटी कोणाची शिकवण ते ओळखून त्यांनी माझी पाटी उचलली आणि तडक पार्टिशनचं दार उघडून काझी सरांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. "उद्यापासून पहिल्या रांगेत बस. पिशवीसकट," म्हणाल्या.

आईने ती पाटी पुसू दिली नाही. मला दुसरी घेऊन दिली आणि ही फळीवर ठेवली. दिवाळी गेली, थंडी गेली, कोणाची हात लावायची टाप नव्हती.

शिमग्याला बाबा आले. आईने पाणी द्यायच्या आधी पाटी दिली. बाबांनी ती फक्त लाकडी चौकटीला धरली, अक्षरांना बोट लागू नये म्हणून... आणि पाचही शब्द मोठ्याने वाचले. मग आईकडे न बघताच म्हणाले, "ते पत्र फाडून टाक."

उर्दूचं एक अक्षर मला आजही येत नाही. पण मराठी लिहायला शिकले ती पार्टिशनच्या पलीकडून. काझी सर, वही अजून तिरकीच धरते मी...