भेंडाचे दोन मोर

जीवन गेल्यावर रागिणीनं त्याची रेडियम कापायची मशीन चौदा महिने झाकून ठेवली. झाकून म्हणजे काय, तिच्यावर वाळलेले कपडे पडत गेले. राजापेठेतल्या त्या माडीवरच्या दोन खोल्यांत दुसरी सपाट जागा नव्हती.

मशीन घरगुती, लहान. मोबाइलवर चित्र काढायचं, चिकट चटईवर कागद चिकटवून मशीनच्या तोंडात द्यायचा, आतलं नखाएवढं पातं तो कापते. जीवन तिच्यावर गाड्यांच्या नंबरप्लेटी कापे, ऑटोच्या मागच्या काचेवरची नावं कापे. एका दुपारी जेवून उठला, हात धुवायले मोरीवर गेला, तिथंच बसला अन् उठलाच नाही. रागिणी तेव्हा रडली नाही, मागूनही नाही. लोक म्हणाले, बाई घट्ट आहे. घट्ट कायची? दात काढायच्या आधी सुई टोचलेल्या हिरडीसारखी ती झाली होती. स्वयंपाक करे, धुणं धुवे, कोणी बोललं तर उत्तर देई.

सासरा खुशालराव तिच्यापाशीच राहे. चांदूर रेल्वेकडचा फुलमाळी. सारा जन्म झेंडू-शेवंती पिकवली अन् लग्नसराईत बाशिंगं केली, तीही भेंडाची. भेंड म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या झाडाचा पांढरा, हलका गाभा. म्हातारा त्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढे अन् त्यातून मोर, कमळं, कळ्या कापे. जीवनच्या तेरवीनंतर महिन्यातच त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय थोडा सावरला. हात लोंबकळत राहिला.

अशात अकोल्याहून पौर्णिमाचा फोन आला. पौर्णिमा म्हणजे जीवनची मोठी बहीण. तिच्या पोराचं, शुभमचं, लग्न ठरलं होतं. खुशालरावच्या घराण्यात भाच्याचं बाशिंग मामाच्या घरून जाते, अन् ते हातचंच जाते. आता मामा नव्हता, अन् म्हाताऱ्याचा हातही नव्हता.

"बाबा, मी बाजारातून आनून ठेवतो," पौर्णिमा म्हणाली. "मोत्याचं मिळते, प्लास्टिकचं मिळते. तुमी जिवाले लावून घेऊ नका."

"आन," म्हातारा म्हणाला. मग दोन दिवस ताटावरून अर्धपोटीच उठला.

तिसऱ्या दिवशी तो मशीनवरच्या कपड्यांच्या ढिगाकडे पाहत बसला.

"हे काय काय कापते वं?"

"कागद कापते, रेडियम कापते."

"अन् भेंड?"

"काय मालूम."

"पाहून पाह्य ना मंग."

रागिणी कपडे घडी करत होती. घडी करतच म्हणाली, "माह्या हातचं चालन काय, मामाजी? नवरा नसलेल्या बाईचा हात बाशिंगाले लागत नाई म्हनतात."

"हात तं मशीनीचा हाये."

"मशीन काई आपल्या मनानं कापत नाई."

म्हातारा डाव्या हातानं मशीनवरचे कपडे बाजूला सारू लागला. रागिणीनं कपडे पलंगावर टाकले अन् मशीनची वायर बोर्डात खोचली.

भेंडाचं एकच पोतं उरलं होतं, गावाहून आणलेलं. गावाजवळच्या तळ्यात आता ते झाड होत नाही. म्हणून तिनं भेंडाले हात लावायच्या आधी घरात जे सापडलं ते मशीनच्या तोंडात देऊन पाहिलं. जीवनची एक वही होती, कोणत्या मालाले किती दाब द्यायचा ते लिहिलेली. त्यात सारं रेडियमचंच होतं. पुढचं तिनं अंदाजानं केलं.

लग्नपत्रिकेचा जाड कागद सुरेख कापला गेला. पोळ्याच्या वेळचा बेगड उरला होता, तो टराटरा फाटला. केळीच्या पानाचा रस पात्यावर चढला, ते सुईनं खरवडावं लागलं. जीवनचा पांढरा सदरा कापून पाहिला, तर कापड गोळा होऊन आत गेलं. मग त्याले दाट कांजी केली, इस्त्री मारली, तेव्हा कुठं सरळ पट्टी निघाली. कपाटात जीवनच्या छातीचा एक एक्सरे होता, खोकला झाला होता त्या वर्षीचा. तिनं त्याच्यातून मोर कापला. एक्सरेची फिल्म फार चांगली कापते. कडा एकदम साफ येतात.

म्हाताऱ्यानं तो मोर डाव्या हातानं खिडकीच्या उजेडात धरला. त्यात बरगड्या दिसत होत्या.

"मान बारीक झाली," तो म्हणाला.

"पुढच्या वेळी जाड करतो."

मग भेंड. म्हातारा पलंगावरून सांगे अन् रागिणी त्याच्या लांब सुरीनं पापुद्रा काढी. पहिले दोन दिवस नुसता चुरा निघाला. तिसऱ्या दिवशी पापुद्रे निघाले, पण मशीननं कोरड्या भेंडाचे तुकडे केले. ओलं दिलं तर पातं त्याले ओढत घेऊन गेलं. मशीनच्या रुळांनी कडा चेपल्या.

"ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेव," म्हातारा म्हणाला. "सकाळी निरा ओलं नाई, निरा कोरडं नाई, असं होते."

तिनं तसं केलं. मागून मैद्याची खळ लावून पातळ कागद डकवला. रुळाखाली जाईल ती कड मोठी सोडली. दाब कमी ठेवून एकाच रेषेवरून पातं दोनदा फिरवलं. मोर निघाला, शेपटीचे डोळे सुद्धा मोकळे. तिनं त्याच चित्रावर बोट ठेवून दुसराही काढला अन् दोन्ही सासऱ्यासमोर मांडले.

म्हातारा पाहत राहिला. मग त्याचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. ते हसू होतं.

"काहून वं, यायचं भांडन झालं काय?"

रागिणीनं पाहिलं. बाशिंगावर मोर समोरासमोर लागतात. हे दोघं एकाच बाजूला पाहत होते, बसची वाट पाहावी तसे. उलटा करून लावावा तर मागं खळीचा कागद. हातानं कापणारा माणूस असं कधीच करणार नाही. दुसरा मोर त्याचा हात आपोआप फिरवून कापतो.

तिनं जीवनची वही उघडली. एका पानावर त्याच्या अक्षरात होतं: 'काचेच्या आतून लावायचं असलं तर आरसा दाब.' मोबाइलवर ते बटन होतं. तिनं दाबलं. मोरानं तोंड फिरवलं.

बाशिंग झालं. कपाळाले टोचू नये म्हणून आतून सदऱ्याच्या पट्टीचं अस्तर लावलं. साडीच्या खोक्यात ठेवून दोघं बसनं अकोल्याले गेले.

हॉलमध्ये पौर्णिमाच्या सासूनं, केशरबाईनं, खोकं उघडून पाहिलं.

"कोनं केलं, व्याहीबुवा?"

"घरचं हाये," खुशालराव म्हणाला.

"घरी तं तुमी दोघंच."

केशरबाईनं म्हाताऱ्याच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं, मग रागिणीकडे. पौर्णिमाच्या हातात प्लास्टिकची थैली होती. त्यात मोत्याचं बाशिंग तयार होतं.

मुहूर्त जवळ आला. शुभम पाटावर बसला. म्हातारा पाय ओढत त्याच्यापाशी गेला अन् भेंडाचं बाशिंग डाव्या हातानं त्याच्या कपाळावर धरलं. धरलं, पण पुढं काय? एका हातानं गाठ मारता येत नाही. दोन्ही दोरे शुभमच्या कानांवरून खाली लोंबत होते. बायका उभ्या होत्या, कोणी पुढं झालं नाही. भटजीनं घड्याळ पाहिलं.

"आबाजी, हात दुखन तुमचा," शुभम हळूच म्हणाला.

"दुखू दे."

पौर्णिमानं सासूकडे पाहिलं. थैली खुर्चीखाली पायानं सरकवली.

"वहिनी, तिथं काय उभी राह्यली? गाठ मार. टाइम चालला."

रागिणी खांबापासून निघाली. सगळ्यांसमोरून चालत गेली. दोरे मागं घेऊन तिनं दुहेरी गाठ मारली, ओढून पाहिली अन् परत खांबापाशी जाऊन उभी राहिली. केशरबाई तोंडातल्या तोंडात काही म्हणाली. मंगलाष्टकं सुरू झाली होती, ऐकू आलं नाही.

परतीच्या बसमध्ये खुशालराव खिडकीशी बसला होता. मूर्तिजापूर मागं पडल्यावर म्हणाला, "कसं वाटलं तुले?"

रागिणीनं मांडीवरचं रिकामं खोकं सरळ केलं.

"डाव्या मोराची मान थोडी वाकली होती."

"मलेही दिसली."

"खळ पातळ झाली असन."

"खळ नाई," म्हातारा म्हणाला. "पापुद्रा जाड निघाला तुह्या हातून."