आंतोनमामाचा डुक्कर

आंतोनमामाच्या हातांना सदानकदा राखेचा वास. डुकराची पिल्लं खच्ची केली की जखमेत तो चुलीतली राख दाबायचा. रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या आमच्या किरिस्ताव वाडीत डुकराच्या मटणाशिवाय लग्नाची पंगत उठत नसे, आणि खच्ची न केलेल्या नराच्या मटणाला असा दर्प येतो की उपाशी माणूसही ताट सारेल. त्यामुळे प्रत्येक लग्नाआधी मामाला बोलावणं असायचं.

काम झालं की दोन्ही अंडं तळहातावर घेऊन तो मालकाला दाखवी. "बघून घे. दोन हायत ना? आता खुशाल जेव." एखाद्या पिल्लाचं दुसरं अंड सापडलंच नाही, तर ते जनावर पंगतीला चालायचं नाही असं तोंडावर सांगायचा. मग मालकानं कितीही गयावया करो, मामा बधत नसे.

रोझी त्याची एकुलती एक लेक, आईविना वाढवलेली. तिच्या लग्नासाठी राखलेल्या नराचं मामाला एकच अंड सापडलं. घरात दुसरा डुक्कर नव्हता. माझ्या आईनं हटकलं तर म्हणाला, "याला देवानं एकच दिलंय." जन्मभर लोकांना सांगितलेलं स्वतःच्या दारात त्याला ऐकवेना. मला त्याचा अजून राग येतो.

लग्नादिवशी टोपावरचं झाकण काढलं आणि मांडवभर दर्प सुटला. मुंबईचे व्याही पानांवरून उठले. मुद्दाम अपमान केला, अशी त्यांची समजूत झाली. माहेरचं नाव काढायचं नाही असं बजावून त्यांनी त्याच दुपारी रोझीला मचव्यात बसवलं.

मामानं पुन्हा सुरी धरली नाही. मुंबईला जाऊन ये म्हटलं की एकच बोलायचा, "कोणत्या तोंडानं जाऊ?" तसाच झुरून गेला.

पुढे अलिबागच्या ढोरडॉक्टरांनी मला समजावलं. दुसरं अंड पोटात दडून राहतं. बीज धरत नाही, पण नरपणाचा रस, ज्याला ते हार्मोन म्हणत, तयार करतच राहतं, आणि दर्प चरबीत उतरतो. मामानं मुद्दाम काही केलं नव्हतं, एवढं सांगायला मी रोझीकडे माझगावला गेले.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मला ठाव होतं गं," ती म्हणाली. "मला सासऱ्यानं अडवलं. बापाला कोणी अडवलं होतं? एकदा आला असता तर भांडून घरात घेतला असता. मी रोज जिन्याकडं कान लावून बसायची."